खून, दंगा आणि पाचांचा आकडा : नागपुरातील अपिलांची पार्श्वभूमी

विदर्भातल्या सत्र न्यायालयाने खून आणि दंग्याबद्दल जन्मठेप दिली की अपील नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये येते. इथे २ जानेवारी १९३६ पासून स्वतंत्र उच्च न्यायालय होते. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत ते गेले, मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. (खुनाचे अपील ऐकणाऱ्या दोन न्यायमूर्तींच्या पीठालाही खंडपीठच म्हणतात, निकालपत्र वाचताना घोळ होतो तो त्यामुळे.) मुदत ६० दिवसांची, त्यातून निकालाची नक्कल मिळायला लागलेला काळ वगळतात.

खरी झुंज असते जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम १४९ वर. साथीदारांच्या कृत्याची जबाबदारी टाकणाऱ्या दोन कलमांपैकी ३४ला समान इरादा लागतो, १४९ला समान उद्दिष्ट. बोलताना दोन्हींना सरसकट 'उद्देश' म्हटले जाते आणि बचावाचा मुद्दा तिथेच निसटतो. इरादा म्हणजे आधी जुळलेली मने, मग ती जागेवरच क्षणभर आधी जुळलेली का असेनात. माणसे दोनही पुरतात. उद्दिष्टाला मात्र बेकायदेशीर जमाव हवा, किमान पाचांचा. तो सिद्ध झाला की वार नेमका कोणाचा हे न कळताही त्यातला प्रत्येक जण खुनाला जबाबदार ठरू शकतो. सात आरोपींपैकी तिघे सुटले आणि आणखी कोणी अनोळखी साथीदार असल्याचा पुरावा नसला, तर उरलेल्या चौघांवर १४९ टिकत नाही. दंग्याची कलमे १४७ आणि १४८ही सोबतच पडतात. सरकार पक्ष मग ३४कडे वळतो, पण तिथे प्रत्येकाचा सहभाग दाखवावा लागतो, आणि साक्षीदार तर 'सगळ्यांनी मारलं' एवढंच बोलून गेलेला असतो.

आरोप एका कलमाचा आणि शिक्षा दुसऱ्याची, हे चालते का? जानेवारी १९५५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १४९चा आरोप असताना दिलेली निव्वळ ३०२ची, म्हणजे स्वतः केलेल्या खुनाची, शिक्षा रद्द केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात, नागपूर उच्च न्यायालयातूनच गेलेल्या अपिलात, पाच न्यायमूर्तींनी भूमिका बदलली: न्यायालयाने ठेवलेल्या आरोपातली त्रुटी एवढ्यानेच शिक्षा जात नाही, तिच्यामुळे बचावाचे खरोखर नुकसान झाले का ते पाहावे. व्यवहारात हे नुकसान दाखवण्याचा भार आरोपीवरच येतो, आणि उलटतपासणी आटोपून वर्षे लोटल्यावर तो पेलत नाही. मोठ्या गर्दीच्या खटल्यांत दोन-तीन साक्षीदारांची सुसंगत साक्ष हवी, ही सावधगिरीची कसोटी १९६४ची.

१ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागते: खून १०३, दंगा १९१, १४९च्या जागी १९०, ३४च्या जागी ३(५). त्याआधीच्या घटनांत शिक्षा जुन्याच कलमांखाली. पाचांची अट आता १८९मध्ये आहे.