आयता खड्डा, अवघड जमीन: जुन्या खाणींतील लँडफिलची पार्श्वभूमी

दगड, कोळसा किंवा विटांची माती काढून झाली की मागे खोल खड्डा उरतो, आणि शहराला कचरा टाकून पुरायला जागा, म्हणजे लँडफिल, हवीच असते. विसाव्या शतकात बराच काळ एवढाच विचार पुरेसा मानला गेला. खड्ड्याचा तळ आणि भिंती पाणी नि वायू अडवतील का, हे क्वचितच तपासलं जाई.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या सेंट्रेलिया गावात १९६२ साली कोळशाच्या जुन्या खाणीतल्या कचऱ्याची आग खालच्या कोळशाच्या थरात शिरली, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. गाव ओस पडलं, आग अजूनही धुमसते आहे.

इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या लॉस्को गावची घटना मला त्याहून बोलकी वाटते. तिथे विटांच्या मातीची खाण कचऱ्याने भरून वर चिकणमातीचा थर दिला होता. म्हणजे काळजी घेतली होती! पण कुजणाऱ्या कचऱ्यातल्या मिथेन या ज्वलनशील वायूची वरची वाट त्यामुळेच बंद झाली आणि तो खडकातून आडवा पसरला. २४ मार्च १९८६ च्या पहाटे हवेचा दाब झपाट्याने उतरला, जमिनीतला वायू वर आला आणि जवळचं एक घर स्फोटात उद्ध्वस्त झालं. तिघे जखमी झाले.

दगडखाणीत सुरुंगांमुळे भेगा आणखी वाढलेल्या असतात. शिवाय खाणीतल्या पाण्याचा उपसा थांबला की भूजल वर चढतं आणि अस्तराला, म्हणजे गळती रोखायला तळाशी नि भिंतींवर दिलेल्या थराला, खालून उचलू पाहतं. सर्वांत कठीण असतो तो उभा कडा. त्यावर चिकणमाती थर देऊन दाबता येत नाही, म्हणून जिओमेम्ब्रेन, म्हणजे पाणी न झिरपू देणारी प्लास्टिकची चादर, लागतं. आणि कचरा वर्षानुवर्षं खचताना ते खाली ओढत राहतो. अशी अस्तरं किती निसरडी असतात, हे कॅलिफोर्नियातल्या केटलमन हिल्स लँडफिलने मार्च १९८८ मध्ये दाखवलं. ती जागा खाणीची नव्हती, तरी ओल्या चिकणमाती आणि प्लास्टिकमधल्या कमी घर्षणामुळे कचऱ्याचा प्रचंड ढीग काही तासांत दहा मीटरपर्यंत सरकला.

अमेरिकेने १९९१ साली नव्या लँडफिलसाठी चिकणमाती आणि जिओमेम्ब्रेन असं संयुक्त अस्तर हे मानक ठरवलं. युरोपीय संघाचा निर्देश १९९९ सालचा. जुने भरलेले खड्डे मात्र तसेच राहिले. मिसुरीत ब्रिजटनच्या चुनखडीच्या खाणीतल्या कचऱ्यात २०१० पासून खोलवर उष्णता वाढत गेली, पृष्ठभाग खचत गेला, आणि शेजारच्याच वेस्ट लेक लँडफिलमध्ये किरणोत्सारी कचरा आहे.