अवटू संप्रेरके आणि केसांची वाढ

गळ्यात श्वासनलिकेला पुढून बिलगून असलेली अवटू म्हणजेच थायरॉईड ग्रंथी टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके (हार्मोन्स) स्रवते. चयापचयाचा वेग ठरवणारी ही संप्रेरके केसांच्या वाढीवरही परिणाम करतात.

डोक्यावरचा प्रत्येक केस २ ते ६ वर्षे वाढतो, दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते आणि सुमारे ३ महिने विसावून तो गळतो. निरोगी डोक्यावर एका वेळी ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात; रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविकच. अवटू संप्रेरके ही वाढीची अवस्था लांबवतात. ती कमी पडली की अधिक केस विसाव्यात जातात आणि त्यांच्या जागी नवे उगवायला वेळ लागतो. बिघाड झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी गळती दिसते, म्हणून दोष बहुधा नव्या शाम्पूला किंवा बदललेल्या पाण्याला दिला जातो.

अवटू-न्यूनतेत, म्हणजे ही संप्रेरके कमी पडण्याच्या विकारात, केस कोरडे, राठ होतात, तुटतात आणि सगळ्या डोक्यावर सारखेच विरळ होतात. भुवईचा कानाकडचा तिसरा हिस्सा झडणे ही या विकाराची जुनी, प्रसिद्ध खूण. पण ती प्रत्येक रुग्णात आढळत नाही आणि इतर कारणांनीही दिसते. संप्रेरके अतिरिक्त झाली तरी केस गळतातच, मात्र ते मऊ आणि बारीक होतात. नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे पडले तर ती चाई. ती स्वयंप्रतिकार विकार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणे) असून हाशिमोटो व्याधीसारख्या अवटूच्या स्वयंप्रतिकार विकारांसोबत आढळू शकते.

लेव्होथायरॉक्सिनच्या, म्हणजे कमी पडणारे टी-४ भरून काढणाऱ्या गोळीने रक्ताचा अहवाल काही आठवड्यांत सुधारू लागतो, केस भरून यायला मात्र कित्येक महिने लागतात. तोवर धीर सुटून गोळी बंद करणारे पुष्कळ. गोळी उपाशीपोटी घ्यावी. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या ४ तासांच्या अंतराने. अहवाल सुधारूनही गळती थांबली नाही, तर लोहाची कमतरता, अलीकडचे बाळंतपण किंवा आनुवंशिक टक्कल यांचा विचार करावा लागतो.

केसांसाठी सर्रास घेतले जाणारे बायोटिन हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत असेल, तर काही चाचणी पद्धतींत टीएसएच (अवटूला चालना देणारे संप्रेरक, जे न्यूनतेत सहसा वाढते) खोटेच कमी आणि टी-४ खोटेच जास्त दिसते. म्हणजे न्यूनतेच्या रुग्णाचा अहवालही ठीक किंवा उलटा येऊ शकतो. तपासणीआधी किमान २ दिवस ते बंद ठेवावे आणि आपण ते घेतो, हे डॉक्टरांना सांगावे.