लिफ्टच्या खड्ड्यावरचं झाकण: पायासाठी वेगळं, चाकासाठी वेगळं

घराच्या गॅरेजमध्ये जमिनीत बसवलेली सिझर लिफ्ट, म्हणजे कात्रीसारख्या पायांवर गाडी उचलणारी लिफ्ट, खाली गेली की तिचे दोन्ही प्लॅटफॉर्म फरशीच्या पातळीत येतात. उघडा राहतो तो मधला पट्टा आणि कडेच्या फटी. त्यावर काय टाकायचं, असं नागपुरात कुठल्याही फॅब्रिकेटरला विचारा, "चेकर्ड प्लेट टाकून देऊ" हेच उत्तर मिळेल, म्हणजे पाय घसरू नये म्हणून वर उठावदार नक्षी असलेला लोखंडी पत्रा. उत्तर चूक नाही, अर्धं आहे. कारण त्याच प्लेटची दोन झाकणं बनतात. एक माणसाच्या पायासाठी, दुसरं गाडीच्या चाकासाठी. वरून पाहिलं तर दोन्हींत काही फरक दिसत नाही.

फरक उलटं करून बघितल्यावर कळतो. पायाच्या झाकणाला खाली फारसं काही नसतं, कडेला पट्टी मारली की झालं. चाकाच्या झाकणाला खाली आडवे अँगल (L आकाराच्या लोखंडी पट्ट्या) वेल्ड केलेले असतात, खड्ड्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, कमी अंतराच्या दिशेनं. लांबीच्या दिशेनं लावलेले अँगल दिसायला भक्कम, पण त्यांचा उपयोग थोडाच. आणि अँगल कडेच्या फ्रेमवर टेकलेच पाहिजेत. चार बोटं आधीच संपले, तर तिथे सगळा भार नुसत्या पत्र्यावर येतो.

"दोन सुती टाका, मग काही होत नाही," असं ठामपणे सांगणारे भेटतात. दोन सूत म्हणजे साधारण ६ मिमी. दीड टनाच्या गाडीच्या एका चाकावर ४०० किलोच्या आसपास भार असतो. अँगल नसलेला एक मीटर रुंद ६ मिमीचा तुकडा एक मीटरच्या खड्ड्यावर टाकला आणि मधोमध एवढा भार आला, तर हिशेबानं तो दोन सेंटिमीटरहून जास्त दबतो. ३ मिमीचा असेल तर वाकतो आणि वाकलेलाच राहतो. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो हे खरं, पण वजनही दुप्पट होतं. ६ मिमीची प्लेट चौरस मीटरला ४७ किलोच्या वर भरते. हे झाकण दर वेळी उचलायचं कुणी? म्हणून इतवारीच्या लोहा ओळीतून जाड पत्रा आणण्यापेक्षा मध्यम पत्रा घेऊन खाली अँगल वाढवणं आणि झाकणाचे लहान तुकडे करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

मग कुठे कोणतं? गाडी नेहमी सरळच येत असेल, तर मधला पट्टा दोन चाकांच्या मधे राहतो आणि तिथे पायाचं झाकण चालतं. पण त्याच गॅरेजमध्ये दुसरी गाडी तिरकी वळत असेल किंवा कुणी आडवी लावत असेल, तर तिथेही चाकाचंच हवं. घरात नवशिका ड्रायव्हर असेल तर विचारही करू नका, सगळीकडे चाकाचंच करा.

दोन्हींना लागू असलेली एक गोष्ट: झाकण टेकायचं ते खड्ड्याच्या पक्क्या फ्रेमवर. त्याची कड लिफ्टच्या प्लॅटफॉर्मवर आली, तर लिफ्ट वर जाताना झाकणालाही उचलते, आणि ते कुठे घसरेल याचा नेम नाही. खालून चार थांबे वेल्ड करून घ्या, म्हणजे ब्रेक लागल्यावर तुकडा सरकणार नाही. कडेला रबराची पट्टी लावली की खडखडाटही थांबतो.

नागपुरात बेसा, मनीषनगरकडे काळी माती असेल तर फ्रेमकडे जरा जास्त लक्ष द्या. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. खड्ड्याची भिंत किंचित हलली तरी झाकण तीन कोपऱ्यांवर टेकतं आणि चौथा डुगडुगतो. अशा वेळी झाकण ठोकून बसवू नका, फ्रेमची पातळी तपासा. मे महिन्यात उन्हात तापून लोखंड वाढतं, त्यासाठी तुकड्यांमध्ये दोन-तीन मिमीची फट ठेवा.

जाळी टाकायची की प्लेट, हेही विचारलं जातं. जाळीतून पाणी खाली जातं, हवा खेळती राहते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यानं खड्ड्यात साचते, त्या दृष्टीनं जाळी चांगलीच. फक्त हातातून निसटलेला नट सरळ लिफ्टच्या सांध्यांत जातो.