कोडेक
कोडेक म्हणजे आवाजाचे आणि चित्राचे डिजिटल संकेत दाबून लहान करणारी आणि पाहताना-ऐकताना पुन्हा उलगडणारी यंत्रणा. ती सॉफ्टवेअरमध्ये असते किंवा मोबाइल-टीव्हीच्या चिपमध्येच बसवलेली असते.

१९२० बाय १०८० पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम आणि ८ बिट असे चित्र न दाबता साठवले, तर रंगाचा तपशील पाव करूनही सेकंदाला सुमारे ६२२ मेगाबिट लागतात. म्हणजे तासाला २८० जीबी. एच.२६४ हा कोडेक (२००३) तेच सेकंदाला ८ मेगाबिटमध्ये बसवतो. तासाची फाईल होते ३.६ जीबी.

ही बचत बहुतेक फ्रेमांच्या सारखेपणातून येते. आय-फ्रेममध्ये पूर्ण चित्र असते. पी आणि बी फ्रेममध्ये शेजारच्या फ्रेममधला कोणता चौकोन कुठे सरकला ते आणि उरलेला फरक एवढेच नोंदवतात. त्या फरकातले बारकावे मग स्थूल केले जातात. तिथे गेलेले परत येत नाही, म्हणून दाबलेली फाईल पुन्हा दाबू नये. मूळ चित्रीकरण जपून ठेवावे.

सोलापुरात कोडेकचा खरा कस सिद्धेश्वर यात्रेत लागतो. नंदीध्वजाची उंच काठी संथ सरकते, तिचा अंदाज मागच्या फ्रेमवरून बांधता येतो. होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामात मात्र प्रत्येक ठिणगी नवी असते आणि धुरावरचा उजेड क्षणाक्षणाला बदलतो. मागच्या फ्रेममध्ये जुळणारे काही सापडत नाही. बिटरेट, म्हणजे सेकंदाला वापरायचे बिट, ४ मेगाबिटवर अडवला, की काळ्या आभाळात चौकोन पडतात आणि ठिणग्यांचा चिखल होतो. अशा वेळी बिटरेट बांधून न ठेवता दर्जा बांधावा: एक्स२६४ या एच.२६४ फाईल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सीआरएफ हा दर्जाचा आकडा (जितका लहान, तितका दर्जा चांगला) मुळात २३ असतो, तो १८ ते २० ठेवावा. फाईल वाढेल, वाढू द्यावी. चादरीच्या जॅकार्ड विणीचे जवळून चित्रीकरण करतानाही हेच, कारण कमी बिटरेटला आधी धागेच पुसले जातात.

एमपी४ हा कोडेक नव्हे, चित्र आणि आवाज एकत्र ठेवणारा नुसता डबा आहे. त्यात एच.२६४नंतरच्या एच.२६५ कोडेकचे चित्र भरलेले असेल, तर जुन्या टीव्हीवर आवाज येतो आणि पडदा काळाच राहतो. लग्नाची फाईल पेनड्राइव्हवर द्यायची, तर ८ बिट एच.२६४ आणि एएसी आवाज हीच जोडी आजही भरवशाची. पेनड्राइव्ह फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल त्यावर चढतच नाही. टीव्हीला चालत असेल तर तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावा, नाहीतर फाईलचे भाग पाडावेत.