उजेडाची दारं धरणारं सेरोटोनिन

'रात्री झोपताना केळं खा, सेरोटोनिन वाढतं, झोप झकास लागते' हा सल्ला सांगलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर महिन्याला नव्यानं येतो. केळ्यात सेरोटोनिन असतं, हे खरं. पण पोटातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. मेंदू आपल्यापुरतं ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून तिथल्या तिथं बनवतो. शिवाय 'आनंदाचं हार्मोन' असा शिक्का मारल्यामुळं त्याची बाकीची कामं झाकली गेली. त्यातलं माझं सगळ्यात लाडकं काम म्हणजे झोप-जागेच्या वेळा ठरवणाऱ्या शरीराच्या घड्याळापर्यंत किती उजेड पोचू द्यायचा ते बघणं.

हे घड्याळ म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या सुमारे २०,००० पेशी. दोन डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना छेदतात, त्याच्या अगदी वर. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशींत मेलॅनॉप्सिन हे उजेड टिपणारं प्रथिन असतं आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला ते सर्वाधिक दाद देतं. या पेशींचे तंतू थेट घड्याळात उतरतात. उजेड पडला की त्यांच्या टोकांतून ग्लुटामेट हे निरोप पोचवणारं रसायन सुटतं, पुढच्या पेशीत कॅल्शियम शिरतं, घड्याळ चालवणारी 'पर' जनुकं कामाला लागतात आणि काटे सरकतात. रात्रीच्या सुरुवातीचा उजेड घड्याळ मागं ढकलतो, म्हणजे झोप उशिरा येते; पहाटेचा पुढं. ब्रह्ममुहूर्ताची 'वैश्विक ऊर्जा' विकणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

आता सेरोटोनिन. मेंदूच्या देठातल्या राफे केंद्रकांतून निघालेले तंतू याच घड्याळात येतात. डोळ्याकडून आलेल्या टोकांवर ५-एचटी१बी नावाचे ग्राहक, म्हणजे सेरोटोनिन पकडणारे रिसेप्टर, असतात. सेरोटोनिन त्यांना चिकटलं की त्या टोकात शिरणारं कॅल्शियम घटतं, आणि कॅल्शियम कमी म्हणजे ग्लुटामेटही कमी. रात्री थ्री फेज आल्यावर उसात दारं धरणारा गडी सरीचं तोंड मातीनं अर्धं बुजवतो ना, तसंच. पाटाला पाणी तेवढंच, सरीत मात्र कमी. हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याला रात्री चाकावर पळवलं की त्याच्या घड्याळातलं सेरोटोनिन वाढतं, आणि त्याच वेळी दिलेल्या उजेडानं काटे कमी सरकतात.

पण हॅमस्टर निशाचर. आफ्रिकेतल्या दिवसा वावरणाऱ्या एका उंदरावर फ्लुओक्सेटिन वापरलं, तर उजेडाचा परिणाम उलट वाढला! दार बुजवण्याऐवजी उघडल्यासारखं. फ्लुओक्सेटिन म्हणजे सेरोटोनिन पेशींमधल्या फटीत जास्त वेळ टिकवणारं नैराश्यावरचं औषध. माणसंही दिवसाच वावरणारी. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी माणसांना त्याच जातीच्या सिटालोप्रामचा एकच डोस दिला, तेव्हा रात्रीच्या उजेडानं त्यांचं मेलॅटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं हार्मोन, एरवीपेक्षा जास्त दबलं.

म्हणजे अशी गोळी घेणाऱ्याला रात्रीचा लख्ख ट्यूबलाइट इतरांपेक्षा जास्त बाधू शकतो. गळीत हंगामात कारखान्याच्या तिसऱ्या पाळीला जाणाऱ्यानं हे डॉक्टरांच्या कानावर घालावं. गोळी मात्र परस्पर बंद करू नये. रात्री दहानंतर घरातला मोठा दिवा बंद करायला कुणाची चिठ्ठी लागत नाही.