बूस्ट दाब, सुरक्षित (रोजच्या वापराच्या मोटारीतील)

एंजिनातून बाहेर पडणाऱ्या (निष्कास) वायूच्या जोरावर फिरून हवा दाबून आत भरणारा टर्बोचार्जर बसवलेल्या अंतर्ज्वलन एंजिनात वातावरणाच्या दाबापेक्षा जितक्या जास्त दाबाने हवा भरली जाते, त्याला बूस्ट दाब म्हणतात. एंजिनाच्या नियंत्रक संगणकातील मॅप, म्हणजे हवा, इंधन व ठिणगी ठरवणारे तक्ते, बदलून (रिमॅप करून) हा दाब कारखान्याने ठरवलेल्या मर्यादेपुढे नेता येतो. रोज कामावर न्यायच्या गाडीत तो कुठवर न्यावा, एवढाच या नोंदीचा विषय आहे. गोव्याची परिस्थिती प्रमाण धरली आहे, कारण याचे उत्तर गेजवरच्या आकड्यापेक्षा हवा, इंधन आणि रस्ता यांवर अधिक ठरते.

मापनाच्या दोन पद्धतींची गल्लत नेहमी होते. डॅशबोर्डवरचे गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवते. एंजिनाचा संगणक मात्र निर्वातापासून मोजलेला एकूण दाब वाचतो. समुद्रसपाटीला गेजवर १ बार (सुमारे १४.५ पीएसआय, म्हणजे पाउंड प्रति चौरस इंच) दिसतो, तेव्हा संगणकाच्या लेखी दाब सुमारे २ बार असतो. ‘दीड बारवर चालवतो’ असे कोणी सांगितले, तर ते गेजचे की एकूण, हे आधी विचारावे. दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे.

टर्बोचार्जरच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याला १९०५ मध्ये जर्मन पेटंट मिळाल्याचे बहुतेक ठिकाणी नोंदवलेले असते. त्या आराखड्यात संपीडक (हवा दाबणारा भाग), दट्ट्याचे एंजिन आणि टरबाइन (निष्कास वायूने फिरणारे चाक) एकाच दांड्यावर होते. आजच्या टर्बोचार्जरचा दांडा एंजिनापासून मोकळा असतो, म्हणून काही लेखक हे श्रेय विमानाच्या एंजिनांवर काम करणाऱ्या फ्रेंच अभियंता ओग्युस्त रातो याला देतात. अमेरिकी लेखन सॅनफर्ड मॉस याच्याकडे झुकते. मॉसने १९१८ मध्ये पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच डोंगरावर विमानाच्या लिबर्टी एंजिनाची चाचणी घेतली होती. निष्कास वायूची वाया जाणारी ऊर्जा हवा भरण्यास वापरण्याची मूळ कल्पना ब्युखीचीच धरणे अधिक सयुक्तिक वाटते. १९२० च्या दशकाच्या मध्यास जर्मन जहाजांच्या डिझेल एंजिनांवर त्याची पद्धत यशस्वी झाली.

प्रवासी मोटारींत टर्बोचार्जर बसवण्याचा पहिला मान कोणाचा, हाही वाद आहे. ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेर मोंझा स्पायडर या दोन्ही गाड्या १९६२ च्या. आपल्या विषयाला जेटफायर जवळची, कारण सुरक्षित बूस्टचा प्रश्न तिच्याच निर्मात्यांना प्रथम भिडला. तिचे संपीडन गुणोत्तर (सिलिंडरात मिश्रण किती पट आकुंचते तो आकडा) १०.२५ होते आणि बूस्ट जेमतेम ५ पीएसआय, तरी नॉकिंग (मिश्रण अवेळी आपोआप पेटणे) टाळण्यासाठी मिथेनॉल व पाणी यांचे मिश्रण फवारावे लागे. गाडीचा मालक ती टाकी भरायला विसरेल, हे निर्मात्यांना गृहीत धरावे लागले आणि टाकी रिकामी झाल्यास बूस्ट आपोआप रोखण्याची सोय ठेवावी लागली. १९८० च्या दशकाच्या आरंभी साब कंपनीने नॉकिंग ओळखून बूस्ट कमी करणारी यंत्रणा आणली. आजचे टर्बो पेट्रोल गाड्यांचे मॅप याच तत्त्वावर उभे आहेत.

धोक्याचे मूळ दाबाइतकेच उष्णतेत आहे. हवा दाबली की तापते. संपीडकाची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर १ बार बूस्टला पणजीत जानेवारीच्या पहाटेची २० अंश सेल्सिअसची हवा सुमारे ११२ अंशांवर जाते. मे महिन्याच्या दुपारची ३३ अंशांची हवा १३० च्या आसपास पोहोचते. इंटरकूलर ती थंड करतो, पण त्याला समोरून वारा लागतो. पर्वरीच्या रांगेत वाहने खोळंबली की तो वाराच नसतो आणि कूलर स्वतःच तापून बसतो. रांग सुटताक्षणी पाय दाबला की सर्वांत गरम हवा आणि सर्वांत मोठा भार एकाच वेळी येतात. म्हणून गोव्यात मॅप मे महिन्याच्या दुपारी, रांगेतून निघालेल्या गाडीवर तपासावा. पहाटे गार हवेत ठरवलेला आकडा विश्वासाचा नाही. दमट हवेतील बाष्प प्राणवायूची थोडी जागा अडवते. त्याने ताकद किंचित घटते, मात्र नॉकिंगलाही थोडा आळा बसतो.

नॉकिंग म्हणजे ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण एकदम पेटणे. आवाज पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा येतो. आधुनिक गाडीत काचा बंद असल्या तर तो ऐकूही येत नाही. खूण स्पार्क प्लगवर मिळते: पांढऱ्या चिनी मातीवर मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके, आणि त्यांत चमकणारे बारीक मणी. ते मणी पिस्टनचे वितळलेले अॅल्युमिनियम असते. ते दिसले की त्याच दिवशी बूस्ट उतरवावा.

आकड्यांबाबत सर्वमान्य कोष्टक नाही. मुळात टर्बो नसलेल्या एंजिनावर, आतील भाग न बदलता, ०.३ ते ०.५ बारपुढे जाऊ नये असा सावध संकेत आहे. कारखान्याच्या टर्बो पेट्रोल गाडीत मूळ आकड्यावर ०.१५ ते ०.३ बारची वाढ साधारणपणे मध्यम समजली जाते. तीही पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक (नॉकिंग सोसण्याच्या क्षमतेचा आकडा) पाहूनच: ९५ वर आखलेला मॅप ९१ च्या पेट्रोलवर चालवू नये. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची नॉकिंग सोसण्याची क्षमता चांगली असते, पण तितक्याच हवेला ते जास्त लागते. इंजेक्टर आधीच शेवटच्या टोकाला चालत असतील, तर मिश्रण पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. डिझेलमध्ये नॉकिंगचा हा प्रकार नसतो. तेथे निष्कास वायूचे तापमान, सिलिंडरातील दाब आणि क्लच या मर्यादा ठरतात. मागून काळ्या धुराचा लोट निघणे ही ताकदीची खूण नसून हवेपेक्षा जास्त डिझेल सोडल्याची आहे.

थेट इंधन फवारणीच्या लहान पेट्रोल एंजिनांत आणखी एक दोष आढळतो. कमी फेऱ्यांवर मोठा भार दिल्यास ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटते आणि एकाच दणक्यात पिस्टन फुटू शकतो. चोर्ला घाट चढताना वरच्या गिअरमध्ये मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर पूर्ण अॅक्सिलरेटर देणे हे त्याला आमंत्रणच. गिअर खाली घ्यावा, आणि तेल २०२० मध्ये आलेल्या एपीआय (अमेरिकी पेट्रोलियम संस्था) एसपी प्रतीचे वापरावे. घाटात दुसरीही गोष्ट घडते. सुमारे ८०० मीटरवर वातावरणाचा दाब ०.९२ बारच्या आसपास उतरतो. एकूण २ बारचे लक्ष्य गाठण्यासाठी टर्बोला हवा समुद्रसपाटीच्या १.९८ ऐवजी २.१७ पट दाबावी लागते, म्हणजे तो अधिक वेगाने फिरतो. खाली म्हापशात जेमतेम निभावणारा टर्बो वर मर्यादेबाहेर जातो तो असा.

किनाऱ्यावरील खारी हवा इंटरकूलरच्या अॅल्युमिनियमच्या पात्या आणि नळ्यांचे क्लॅम्प खाते. गळती लागली की ठरलेला दाब राखण्यासाठी टर्बो जास्त राबतो. गेजवर आकडा तोच दिसतो, म्हणून फसगत होते. बॉनेट उघडून रबरी नळीचा सांधा पाहावा: क्लॅम्पभोवती तेलाचा ओलसर पट्टा आणि त्यावर बसलेली तांबडी धूळ दिसली, तर हवा तेथूनच निसटते आहे. खाणपट्ट्यातील वापरात एअर फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या अंतराआधीच बदलावा लागतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ विनिर्देशाहून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात ही बाजू उचलून धरली. रिमॅपने एंजिनाची घनक्षमता बदलत नाही, पण उत्सर्जनाची मानके गाडीला लागू राहतातच.