दुसऱ्याची कळ, आपली तगमग

समोरच्याच्या बोटावर हातोडी बसली की 'आई गं' आपल्याही तोंडून निघतं. दुसऱ्याच्या भावनेचे पडसाद आपल्यात उमटणं आणि तरीही हे दुखणं त्याचं आहे याचं भान शाबूत असणं, याला मानसशास्त्र समानुभूती म्हणतं. व्याख्येतला हा भानाचा भाग महत्त्वाचा. एक तान्हं बाळ रडू लागलं की शेजारचंही भोकाड पसरतं, ती समानुभूती नव्हे. तो भावनेचा नुसता संसर्ग.

2004 साली मेंदू-संशोधक तान्या सिंगर आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये 16 जोडप्यांवर प्रयोग केला. बाई एमआरआय यंत्रात, जोडीदार शेजारी, दोघांच्याही हाताला इलेक्ट्रोड. शॉक कुणाला बसणार, ते आधी खुणेने कळायचं. जोडीदाराला शॉक बसतानाही बाईच्या मेंदूत इन्सुलाचा पुढचा भाग आणि सिंग्युलेट कार्यरत झाले. वेदनेचा जाच जाणवतो तो इथे. वेदना नेमकी कुठे आहे हे टिपणारे भाग मात्र स्वतःला शॉक बसला तरच जागे व्हायचे.

एवढं जाणवलं म्हणून माणूस मदतीला धावेलच असं नाही. 1981 साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन आणि सहकाऱ्यांनी कॅन्सस विद्यापीठातल्या तरुणींना पडद्यावर एलेन नावाच्या तरुणीला शॉक बसताना दाखवले. (ते नाटक होतं, एलेनला काही होत नव्हतं.) दोन फेऱ्यांनंतर एलेन सांगते, लहानपणी मी घोड्यावरून विजेच्या कुंपणावर पडले होते. मग पाहणारीला विचारलं जातं, तिची जागा घेशील? नको असेल तर उठून जायची मुभा ज्यांना होती, त्यांच्यात एलेन आपल्याहून वेगळ्या विचारांची आहे असं समजणाऱ्यांपैकी 18 टक्केच तयार झाल्या. ती आपल्यासारखीच आहे असं समजणाऱ्यांपैकी 91 टक्के.

बॅटसन यांच्या मते इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बघवत नाही म्हणून होणारी तगमग दार दिसताच बाहेर पडते. समोरच्याबद्दलची काळजी दार दिसलं तरी टिकून राहते. मला मात्र 18 चा आकडा जास्त छळतो. एलेन आपल्यासारखी की वेगळी, हे ठरलं होतं तिने भरलेल्या म्हणून दाखवलेल्या एका प्रश्नावलीवरून!

सिंगर यांनी 2006 साली हाच धागा पुढे नेला. आधी पैशांचा खेळ, मग त्यात लबाडी करणाऱ्याला शॉक. लबाडाला शॉक बसताना पुरुषांच्या मेंदूतला दुसऱ्याच्या वेदनेला मिळणारा प्रतिसाद मंदावला आणि बक्षीस मिळाल्यावर जागा होणारा भाग कार्यरत झाला. सूडाची इच्छा ज्याची जितकी तीव्र, तितका हा भाग जास्त कार्यरत.